मदत हवी आहे: मानपत्रासाठी स्नेल राउंडहँडच्या तोडीचा देवनागरी फाँट

नमस्कार मंडळी,

मावशीच्या यजमानांचा सहस्रचंद्रदर्शन सोहळा आहे आणि मानपत्राची मांडणी माझ्या गळ्यात पडली आहे. नातवंडं परदेशात वाढलेली, म्हणून आडव्या ए-थ्री कागदावर डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी असं ठरलंय. शीर्षकं सोनेरी फॉइलमध्ये, मजकूर साध्या छपाईत.

इंग्रजीचं जमलं. शीर्षकाला स्नेल राउंडहँड हा तिरका, लपेटीदार फाँट घेतला. मॅथ्यू कार्टर यांनी तो सतराव्या शतकातल्या चार्ल्स स्नेल या लेखनशिक्षकाच्या वळणावरून केला. भारदस्त आहे आणि वाचताही येतो. त्याआधी हर्मान झाफ यांचा झाप्फिनो लावून पाहिला होता. देखणा आहे, पण त्याचे फराटे वरच्या-खालच्या ओळींत घुसतात. बिकम स्क्रिप्ट लावला की थेट लग्नपत्रिका!

गाडी अडलीय ती मराठीपाशी. कलम नावाचा फाँट वापरला तर घरगुती चिठ्ठी वाटते. यात्रा वन मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, मला मनापासून आवडतो, पण मानपत्र वाचताना फलाट आठवू नये एवढीच इच्छा. रोझा वनमध्ये जाड-बारीकचा डौल आहे, मात्र स्नेलशेजारी तो पैलवान दिसतो. अमिता त्यातल्या त्यात जवळचा, तरी शीर्षकाला हवा तेवढा भारदस्तपणा त्यात मला दिसत नाही. प्रेसवाले त्यांच्याकडचे जुने, युनिकोड नसलेले फाँट दाखवतात. माझा मजकूर युनिकोडमध्ये आहे, तो तिकडे नेला की रफार आणि वेलांट्या पुन्हा तपासत बसावं लागेल.

तर स्नेलसारखा तिरका, लपेटीदार, पण औपचारिक शोभेल असा देवनागरी फाँट आहे का? विकतचा असला तरी चालेल. आणि नसेलच, तर अमितालाच थोडं तिरकं करून घेऊ का?

प्रतिसाद १

तिरकं अजिबात करू नका! सॉफ्टवेअरने ढकललेल्या देवनागरीत काने कलंडतात, शिरोरेखा मात्र आडवीच राहते. अक्षर धावतंय असं न वाटता पडतंय असं वाटतं.

मुळात शोधाची दिशा बदला. इंग्रजी राउंडहँडमध्ये जाड-बारीक येतं ते टोकदार लेखणीवरच्या दाबामुळे, आणि अक्षरं एकमेकांना जोडायला लपेटी लागते. आपल्याकडे जोडायचं काम शिरोरेखा करतेच. डौल येतो तो बोरूच्या तिरक्या कापातून, आणि तो कापही रोमनच्या उलट बाजूचा, त्यामुळे जाडी भलतीकडेच पडते. म्हणून स्नेलची मराठी आवृत्ती शोधण्यापेक्षा बोरूचं वळण जपणारा उभा फाँट घ्या. जुन्या निर्णयसागरच्या पोथ्या पाहा. जावजी दादाजींनी १८६९ साली छापखाना काढला, राणोजी रावजी आरूंनी खिळ्यांचे (छपाईच्या धातूच्या अक्षरांचे) साचे कापले. त्या अक्षरात एक फराटा नाही, तरी त्याहून औपचारिक काय असतं?

मी असतो तर शीर्षकाची एक ओळ सुलेखनकाराकडून बोरूने लिहून घेतली असती आणि खालचा मजकूर साध्या फाँटात लावला असता. फॉइलचा ब्लॉक (ठसा उमटवायचा साचा) काय, स्कॅनवरूनही निघतो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फाँटच घेणार असाल तर नमुन्याला "सहस्रचंद्रदर्शन सोहळा" हीच ओळ लावा. स्र, द्र, र्श, ळ सगळं एका फटक्यात कळतं. (स्रच, स्त्र नाही. ही चूक फॉइलमध्ये चमकताना मी पाहिली आहे.) मजकुरासाठी "येणाऱ्या-जाणाऱ्या" लावून ऱ्य बघा. पुष्कळ देखणे फाँट तिथे गचकतात.

श आणि ल मराठी वळणाचे येतात की हिंदी, तेही पाहा. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ती रूपं दिली आहेत. काही फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी रूप येत नाही. परिच्छेदाला त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय लावा, नाहीतर जोडाक्षरं सुटतील.

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. ते वाढवलं की शिरोरेखेला भेगा पडतात. तुमच्या स्नेललाही हाच नियम, त्याचेही सांधे निखळतात. आणि इंग्रजी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये करू नका, कुणीतरी मोठ्या हौसेने सुचवेलच.

कागद कुठला? खरबरीत हातकागद असेल तर स्नेलच्या केसासारख्या रेघा फॉइलमध्ये तुटतात. गुळगुळीत कागद घ्या, किंवा शीर्षक मोठं करा.

धागाकर्ती

दोघांचे आभार. कागद हातकागदच ठरला होता, तो आता बदलते. शीर्षक लिहून घ्यायची कल्पना घरी पटली आहे, मावशी तर खूशच आहे.

आता पुढचा प्रश्न: सुलेखनकाराला स्नेलचा नमुना आधीच दाखवावा, की मराठी ओळ मोकळेपणी लिहू द्यावी आणि मग तिच्या वजनाला जुळेल असा इंग्रजी फाँट निवडावा? मला दुसरं बरं वाटतंय. तसं केलं तर स्नेलऐवजी रुंद टोकाच्या लेखणीचं वळण असलेला कुठला रोमन फाँट बघू?