मदत हवी आहे: वैमानिकांचं निवृत्तीचं वय

नमस्कार मंडळी. पुतणीला लातूरला वादविवाद स्पर्धेत 'वैमानिकांना ६५ नंतरही उडवू द्यावं' या बाजूनं बोलायचंय. आंतरराष्ट्रीय मर्यादा २००६ मध्ये ६० वरून ६५ झाली, साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी, एवढं जमवलंय. डोळे, कान, ईसीजी सगळं पास असताना नुसत्या जन्मतारखेवरून माणसाला घरी का बसवायचं, हा तिचा मुख्य मुद्दा. पण समोरचा विचारणारच, हवेत झटका आला तर? दुसरा वैमानिक असतो की, हे उत्तर मला जरा लंगडं वाटतं. शिवाय ज्येष्ठ हटलेच नाहीत तर को-पायलट पोरांनी कॅप्टन व्हायचं कधी? यावर दमदार उत्तर सुचवा. चिकलठाणा किंवा नांदेड विमानतळावर ये-जा करणारे कुणी वैमानिक ओळखीचे असतील तर फारच बरं. स्पर्धा शनिवारी आहे.