घरच्या लेथला आधी कॉलेट की डॉग चक?

पडवीतला लेथ, घाटंजी: साडेचार फुटी जुना लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) पडवीत बसवलाय. ट्रू चक, म्हणजे तिन्ही जबडे एकदम सरकणारी पकड, सोबत मिळाला, पुढचं सामान टप्प्याटप्प्यानं घेणार. माझं म्हणणं, डॉग चकच्या (चार जबडे, प्रत्येक वेगळा सरकतो) आधी ईआर-३२ कॉलेट (नट आवळला की बार सगळीकडून धरणाऱ्या चिरा पाडलेल्या पुंगळ्या) घ्यावेत. ट्रू चकात २० मि.मी.चा ब्राइट बार (गुळगुळीत, मापाची सळी) धरून डायल (बार किती हलतो ते दाखवणारं सुईचं माप) लावला तर सुई ०.०८ मि.मी. फिरते. जॉब (कातायचा नग) उलटून धरला की दोन्ही टोकं एका रेषेत येत नाहीत, आणि पितळेवर जबड्याचे वण उठतात ते वेगळेच.

वऱ्हाडी फिटर: मले नाही पटत भाऊ. गावात काम कोणतं येते ते पाहा न. मोटरपंपाचा शाफ्ट येते, बेअरिंगची जागा घासलेली. ६२०५ बेअरिंगचं भोक २५ मि.मी., अन् तुमचा ईआर-३२ वीसवर संपते! दुसरं म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातली काळी सळी. ना गोल, ना एका मापाची, वरून खपली. ते कॉलेटात धरली तर कॉलेटच खराब होईन जी. डॉग चकात समोरासमोरचे दोन जबडे ढिले-घट्ट करत सुई ०.०२ वर आणता येते. सळी वाकडी असो, कास्टिंग चौकोनी असो, धरल्या जाते. आधी डॉग चक अन् चांगला डायल घ्या.

पुसदची टर्नर: फिटरदादा, शाफ्टचं खरं आहे. पण मी फवारणी पंपाचे पितळी बुश करते, एका खेपेला पन्नास. प्रत्येक नगाला डायल लावत बसले तर दिवस त्यातच जाईल. कॉलेटात नट आवळला की काम सुरू. मात्र सगळा संच घेऊ नका. ईआर-३२ चा एक कॉलेट १ मि.मी. आत दबतो, १३ चा कॉलेट १३ ते १२ धरतो, म्हणजे चार सूत (अर्धा इंच), १२.७, त्यातच बसतं. रोज लागणारी पाच मापं पुरे. जॉब तोंडाशीच धरू नका, कॉलेट तिरपा दबतो. आखूड असेल तर मागून त्याच मापाचा तुकडा घाला.

पडवीतला लेथ, घाटंजी: ताई, दुसऱ्या जातीच्या ५सी कॉलेटचं कसं?

पुसदची टर्नर: त्याला स्पिंडलमधून (लेथचा फिरणारा पोकळ दांडा) ओढणारी नळी लागते, आणि प्रत्येक कॉलेट जवळपास आपल्याच मापाला धरतो. आपल्याकडे सूतही चालतं, मि.मी.ही. दोन संच कोण घेणार?

आयटीआय २००९: सगळ्यात महाग चूक कोणीच सांगितली नाही. कॉलेट आधी नटात तिरपा घालून 'टक' आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट फिरवायचा. माझ्या भाच्यानं कॉलेट सरळ टेपरमध्ये (चकाच्या निमुळत्या भोकात) टाकून नट आवळला. नट सोडला तर कॉलेट आतच अडकला. काढताना कडा गेली, नवा कॉलेट भंगारात. आणखी एक, मोर्स टेपरच्या (स्पिंडलच्या भोकात बसणाऱ्या निमुळत्या) दांड्याचा कॉलेट चक घेतला की स्पिंडलचं भोक बंद होतं, लांब बार मागून जात नाही. बॅकप्लेटवर (स्पिंडलच्या तोंडावरची चकती) बसणारा घ्या.

वऱ्हाडी फिटर: हे बरोबर बोलला. पण बॅकप्लेट आपल्याच स्पिंडलवर फेस करा (तोंड सपाट काता) लागते, अन् चक बसवताना डायल लागतेच.

पडवीतला लेथ, घाटंजी: मग डायल आणि डॉग चक या महिन्यात घेतो. गेल्या हंगामातली वही काढून पाहिली, अकरा जॉबपैकी सात शाफ्टचे होते. कॉलेट बुशचं काम सुरू होईल तेव्हा, पाच मापं, बॅकप्लेटवाला. ताई, तुम्ही बुशला १६ चा बार वापरता की १८ चा?