एफ्रेन रेयेस खरंच एवढा भारी होता का?

नवखा_क्यू: पूलचे (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) जुने व्हिडिओ बघतोय, फिलिपिन्सच्या या माणसाला सगळे ऑल टाइम ग्रेट म्हणतात, हाइप आहे का?

ब्रेकअँडरन: हाइप कसली! मनिलात काकांच्या पूल हॉलमधे वाढला, टेबलावरच झोपायचा, १९८५ ला सीझर मोरालेस या खोट्या नावाने अमेरिकेत खेळून भल्याभल्यांना धुतलं. १९९४ ला यूएस ओपन नाइन बॉल (नऊ बॉलचा पूल) जिंकणारा पहिला परदेशी, १९९९ ला वर्ल्ड चॅम्पियन.

साइडपॉकेट: १९९६ ची हाँगकाँगची मॅच बघ, समोर अमेरिकेचा अर्ल स्ट्रिकलंड, १२० ची रेस (जो आधी १२० डाव जिंकेल तो विजेता), मागे पडून १२०-११७ ने काढली राव, एक लाख डॉलर!

चॉकधूळ: नुसत्या पॉटिंगमधे (बॉल पॉकेटात घालण्यात) मला स्ट्रिकलंडच सरस वाटतो. पण सेफ्टीतून (समोरच्याने मुद्दाम ठेवलेल्या अडचणीतून) कुशन घेऊन, म्हणजे टेबलाच्या कडेवर बॉल आपटून, बाहेर पडणं… तिथे एफ्रेनच.