मोबाईलचा उपास खराच
एकांनी लिहिलंय, प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत) मोबाईल सोडणं ही नवी फॅशन, खरा उपास पोटाचाच. मला नाही पटत. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, 58व्या अध्यायात, देवाला आवडणारा उपास कोणता ते स्पष्ट सांगितलंय: जुलमाची बंधनं तोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवसापासून, मी विरार लोकलमध्ये मोबाईल पर्समधून काढत नाही. (मटण-मासे सोडलेत, ते वेगळं.) पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, दादरला चढणाऱ्या मावशींचे पाय सुजलेले असतात, त्या दांडा धरून कधी या पायावर, कधी त्या पायावर भार टाकत उभ्या असतात. वर्षभर त्या माझ्यासमोरच उभ्या होत्या! आता अंधेरीला मी उठते, त्या बसतात.