मदत हवी आहे: श्वास रोखला की जीव घाबरा होतो, काय करावं?

नमस्कार मंडळी,

ताणामुळे रात्री डोकं शांत होत नाही, म्हणून श्वासाचे साधे प्रकार सुरू केलेत. डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतलंय, तिथे काही दोष नाही.

अमेरिकन डॉक्टर अँड्र्यू वाईल यांनी लोकप्रिय केलेला ४-७-८ हा प्रकार करते: ४ मोजत नाकाने श्वास आत, ७ मोजेपर्यंत रोखायचा, ८ मोजत तोंडाने सोडायचा. पण पाच-सहापर्यंत पोचले की धडधड वाढते आणि पुढचा श्वास घाईने ओढला जातो. चौकोनी श्वासात (आत घेणं, रोखणं, सोडणं, पुन्हा रोखणं, सगळं ४-४ मोजत) त्रास कमी, पण आहेच.

याउलट न रोखता ४ मोजत आत आणि ६ मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण ६ श्वास, असं केलं की खांदे आपोआप सैल पडतात. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्ह या मज्जातंतूमुळे हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. त्यामुळे मला तरी लांब उच्छ्वास हाच यातला गाभा वाटतो.

तर अनुभवी लोकांनी कृपया सांगा, रोखण्याचा भाग कायमचा वगळला तर चालेल का? की ७ ऐवजी २ पासून सुरुवात करून हळूहळू वाढवावं? भ्रामरीत गुंजारवामुळे उच्छ्वास आपसूक लांबतो, ती झोपण्यापूर्वी कोणी नियमित करतं का?

आणि ऐन मीटिंगमध्ये, चारचौघांत कुणाच्या लक्षात न येता करता येईल असं काही असेल तर ते आधी सांगा. त्याची मला सगळ्यात जास्त गरज आहे.