ताठरतेच्या तक्रारीसाठी ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला पुरेसा ठरतो का?

घणसोलीकर_४४ यांचा प्रश्न:

नमस्कार. माझे वय ४४ असून मी घणसोलीला राहतो आणि नोकरीसाठी महापे येथे जातो. गेल्या काही महिन्यांपासून संबंधाच्या वेळी लिंगाची ताठरता टिकत नाही. प्रथम मी कामाच्या ताणाला दोष दिला, परंतु आता पहाटे आपोआप येणारी ताठरताही क्वचितच जाणवते. रक्तदाबासाठी माझी ॲटेनोलॉलची गोळी चालू आहे. साखर मात्र बऱ्याच काळात तपासलेली नाही.

आमचे फॅमिली डॉक्टर आईवडिलांपासून ओळखीचे आहेत, आणि त्यांच्या दवाखान्यात बोललेले बाहेरच्या बाकापर्यंत सहज ऐकू जाते. त्यामुळे हा विषय तेथे काढण्याचे धैर्य होत नाही. म्हणून एका ॲपवर नोंदणी केली. तेथे काही प्रश्नांचा अर्ज भरून घेतला आणि लगेच तीन महिन्यांच्या गोळ्या व सोबत ‘पूर्णपणे नैसर्गिक’ कॅप्सूल अशी योजना समोर आली. कोणीही डॉक्टर माझ्याशी बोलले नाहीत, आणि जी चिठ्ठी आली तिच्यावर नोंदणी क्रमांक दिसत नाही. पैसे अद्याप भरलेले नाहीत. असे उपचार नियमात बसतात का, आणि प्रत्यक्ष न तपासता या तक्रारीवर योग्य उपचार होऊ शकतात का? आणखी एक अडचण अशी की घरी येणारे प्रत्येक पार्सल आई उघडून पाहते.

नौपाडा_जनरल_प्रॅक्टिस यांचे उत्तर:

पैसे भरले नाहीत हे उत्तम झाले. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर दूरस्थ सल्ला देऊन औषध लिहून देऊ शकतात. मात्र चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे, औषध ठरवण्याचे काम संगणकाच्या प्रणालीने नव्हे तर डॉक्टरांनीच केले पाहिजे, आणि साध्या तापा-खोकल्याच्या औषधांपलीकडचे काही पहिल्याच सल्ल्यात द्यायचे असेल तर तो सल्ला व्हिडिओवर व्हावा लागतो. तुमच्या बाबतीत यांतील काहीच झालेले दिसत नाही. सिल्डेनाफिल आणि टॅडालाफिल ही ताठरतेसाठीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधे आहेत. अर्जातील रकाने भरले म्हणून ती हाती पडावीत, असे नाही.

प्रत्यक्ष न तपासता उपचार होऊ शकतात का, याचे उत्तर बरेचसे ‘होय’ असे आहे, कारण या तक्रारीचे निदान प्रामुख्याने विचारपूस आणि रक्ततपासणी यांवर अवलंबून असते. पहाटेची ताठरता टिकून असेल आणि अडचण केवळ विशिष्ट प्रसंगी येत असेल, तर कारण मानसिक असण्याची शक्यता वाढते. तुमच्याकडे तीही कमी झाली आहे, त्यामुळे शारीरिक कारण शोधलेच पाहिजे. शिश्नातील रक्तवाहिन्या साधारण एक ते दोन मिलिमीटर व्यासाच्या, तर हृदयाच्या तीन ते चार मिलिमीटरच्या असतात. रक्तवाहिन्यांच्या आजाराचा परिणाम आधी बारीक वाहिन्यांत दिसतो, आणि म्हणूनच ही तक्रार कित्येकदा छातीतल्या दुखण्याच्या काही वर्षे आधी सुरू होते. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला जिने चढताना धाप लागते का, छातीत दडपण येते का, तंबाखू किंवा सिगारेट आहे का, हे विचारले नाही, त्यांच्याकडून ही गोळी घेऊ नये.

उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), कोलेस्टेरॉलच्या तपासण्या आणि सकाळच्या वेळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) एवढे अहवाल व्हिडिओच्या आधी हाताशी ठेवावेत. रक्तदाब कोणत्याही दवाखान्यात मोजून घेता येतो, आणि त्यासाठी कारण सांगावे लागत नाही.

नेरूळ_केमिस्ट यांचे उत्तर:

डॉक्टरसाहेबांच्या उत्तरात औषध विकणाऱ्याच्या बाजूने भर घालतो. ज्यांना हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीनसारखी नायट्रेट गटातील औषधे चालू आहेत, त्यांनी ताठरतेच्या या गोळ्या घेऊच नयेत, कारण दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: सिल्डेनाफिल घेतल्यानंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यानंतर निदान ४८ तास नायट्रेट देता येत नाही, म्हणून छातीत दुखून रुग्णालयात जावे लागले तर ही गोळी घेतल्याचे संकोच न करता सांगावे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी कळवावे.

त्या ‘नैसर्गिक’ कॅप्सूलपासून कृपया दूर राहा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा कितीतरी उत्पादनांत न सांगता मिसळलेले सिल्डेनाफिल पकडले आहे, म्हणजे घेणाऱ्याला मात्रा ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. शिवाय लैंगिक दौर्बल्य बरे करण्याची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी लोकलच्या डब्यातली पत्रके काही संपत नाहीत.

पार्सलचा प्रश्न सोपा आहे. चिठ्ठी ही तुमची असते, आणि औषध कोणत्याही दुकानातून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. चिठ्ठी थेट दुकानाकडे पाठवायची तर डॉक्टरांना तुमची स्पष्ट संमती घ्यावी लागते. घणसोलीत नको वाटत असेल तर ठाणे स्थानकाबाहेरच्या दुकानातून घ्या. आमच्यासाठी ती इतर चिठ्ठ्यांसारखीच एक चिठ्ठी असते, आणि लोकांना वाटते त्याहून कितीतरी अधिक वेळा गिऱ्हाईक हीच गोळी मागते.

वाशी_सेक्टर_नऊ यांचे उत्तर:

मी स्वतः व्हिडिओवर मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला आहे आणि अनुभव चांगला आहे. त्यांनी पहिल्या भेटीत गोळी दिलीच नाही. आधी रक्ततपासणी आणि ईसीजी करून आणायला सांगितले, तेव्हा मला राग आला होता, परंतु साखर वाढलेली निघाली आणि उपचारांची दिशाच बदलली. नंतर सिल्डेनाफिल सुरू करताना त्यांनी जे समजावले ते ॲपवरच्या कोणत्याही अर्जाने समजावले नसते: गोळी साधारण तासभर आधी घ्यावी, तुपातेलाच्या जड जेवणानंतर ती उशिरा लागू पडते, इच्छा नसेल तर ती काहीच करत नाही, आणि एकदा उपयोग झाला नाही म्हणून निष्कर्ष काढू नये. चार तासांहून अधिक काळ ताठरता राहिली किंवा अचानक दिसेनासे झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे, हेही त्यांनी बजावले. व्हिडिओसाठी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, घरात तेवढा एकांत कोठून मिळणार!

खारघर_गृहिणी यांचे उत्तर:

घणसोलीकर, तुम्ही आई, फॅमिली डॉक्टर आणि पार्सल यांचा विचार केला आहे, पत्नीचा उल्लेख मात्र नाही. माझ्या पतींनी हे बराच काळ लपवले, आणि मला वाटत राहिले की त्यांचे माझ्यावरचे मन उडाले. कृपया तिला आधी सांगा. तिची इच्छा असल्यास व्हिडिओच्या वेळी तिला शेजारी बसवा.

घणसोलीकर_४४:

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीशी आजच बोलतो. एक शंका उरते: ॲटेनोलॉलमुळेच हे होत असेल तर ती गोळी काही दिवस थांबवून पाहावी का?

नौपाडा_जनरल_प्रॅक्टिस:

मुळीच थांबवू नका. ॲटेनोलॉल ज्यात मोडते त्या बीटा ब्लॉकर गटातील औषधांमुळे ताठरतेवर परिणाम होऊ शकतो हे खरे आहे, परंतु ती एकाएकी बंद केल्यास रक्तदाब आणि नाडी उसळून हृदयावर ताण येतो. व्हिडिओवरील डॉक्टरांना गोळीचे नाव व मात्रा सांगा, घरी मोजलेल्या रक्तदाबाच्या नोंदी दाखवा आणि दुसऱ्या गटातील औषध चालेल का, हे थेट विचारा. त्यांनी प्रत्यक्ष येण्यास सांगितले, तर मात्र टाळू नका.