मदत हवी आहे: धाकट्या भावाला ताणातून कसं बाहेर काढू?

धाकटा भाऊ सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. परीक्षा पुढे ढकलल्यापासून त्याची झोप उडालीये. परवा जेवताना ताटातली पोळी नुसती कुस्करत बसला होता. विचारलं, तर म्हणे, "काही नाही गं ताई."

लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याच्या दोन तऱ्हा मांडल्या: मूळ अडचणच सोडवणं आणि मनातली घालमेल सांभाळणं. तारीख त्याच्या हातात नाही, त्यामुळे आत्ता दुसरीच जास्त गरजेची, असं मला ठाम वाटतं. तो मात्र अभ्यासिकेतले तास वाढवतोय! टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर फोन करायलाही तयार नाही.

पेठांच्या आसपास अशा मुलांशी नीट बोलणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? आणि त्याला न दुखावता हा विषय काढायचा कसा?